'स्टेपल' : कोयंडा, पेठ आणि कापसाचा धागा

वणी तालुक्यातील एका खेड्यात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकांनी हा प्रश्न विचारला आहे. वर्गात 'स्टेपल फूड' म्हणजे मुख्य अन्न, असे त्यांनी सांगितले, तेव्हा एका मुलाने उभे राहून विचारले की, त्याचे वडील कापूस विकून आल्यावर 'आपला माल लाँग स्टेपलमध्ये बसला' असे म्हणतात, ते स्टेपल कोणते. आणि लगेच एका मुलीने टेबलावरच्या स्टेपलरकडे बोट दाखवले. शब्दकोशात हे सगळे अर्थ सापडतात, पण ते एका शब्दात एकत्र कसे आले, त्यांतला मूळ अर्थ कोणता आणि मुलांना तो कोणत्या क्रमाने सांगावा, असे बाईंनी विचारले आहे. कापसाची प्रत ठरवणे हेच माझे आयुष्यभराचे काम राहिले. आधी खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून आणि पुढे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करण्याच्या कारखान्यात. हा शब्द रोज तोंडी असल्यामुळे त्याच्या मुळाचा शोध घेण्याची आवड लागली, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी सरळ उत्तर. मूळ अर्थ आहे खांब. या खांबापासून दोन वाटा फुटल्या. एक वाट इंग्लंडमध्येच राहिली आणि दाराच्या कोयंड्यावरून कागदाच्या पिनेपर्यंत आली. दुसरी समुद्रापलीकडे, आजच्या बेल्जियम आणि हॉलंडच्या भागात वाढली. तिकडे या शब्दाला रास, साठा आणि पेठ असे अर्थ आले, आणि लोकरीच्या व्यापाराबरोबर तो फ्रेंचमार्गे पुन्हा इंग्रजीत शिरला. 'स्टेपल फूड' या दुसऱ्या वाटेवरचे आहे. आपल्या कापसाचे स्टेपलसुद्धा बहुधा त्याच वाटेवरचे आहे, असे कोशकार मानतात, आणि माझे मतही तेच आहे. म्हणजे आजच्या इंग्रजीत लिहायला आणि उच्चारायला एकच दिसणारे हे शब्द प्रत्यक्षात एकाच घराण्यातील दोन भाऊ आहेत, जे वेगवेगळ्या गावी वाढले. म्हणूनच चांगल्या इंग्रजी कोशांत ते वेगवेगळ्या क्रमांकांखाली दिलेले असतात. बाईंचा गोंधळ झाला तो बहुधा हे छोटे क्रमांक नजरेतून सुटल्यामुळे. विद्यार्थ्यांना कोश पाहायला लावताना या क्रमांकांकडे आवर्जून लक्ष द्यायला सांगावे.

पहिल्या वाटेकडे वळू. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, 'स्टापोल' म्हणजे जमिनीत रोवलेला खांब, खुंट किंवा स्तंभ. जर्मन, डच, नॉर्स या भगिनी भाषांतही याच घडणीचे शब्द आहेत. अनेक भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा संबंध 'आधार देणे, घट्ट रोवणे' अशा अर्थाच्या प्राचीन धातूशी लावतात आणि संस्कृतातला 'स्तंभ' त्याच धातूचा मानतात. येथे एक खबरदारी घ्यावी : मराठीतला 'खांब' मात्र 'स्तंभ'वरून आलेला नाही, तो वैदिक 'स्कंभ' या शब्दावरून आला आहे. अर्थ तोच असला तरी वंश वेगळा आहे.

खांब हा अर्थ आजच्या इंग्रजी बोलण्यातून गेला, पण गावांच्या नावांत तो अजून शिल्लक आहे. केंट परगण्यात व्हिटस्टेबल नावाचे गाव आहे, त्याचा अर्थ पांढरा खांब. डेव्हनमधल्या बार्नस्टेपल या गावाच्या नावातही तोच खांब आहे. स्टेपलफर्ड हे नाव तर इंग्लंडमध्ये अनेक गावांना आहे आणि त्याचा अर्थ खांबांनी खूण केलेला नदीचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. आपल्याकडेही नदीला पूर येणाऱ्या गावांत उताराच्या दोन्ही काठांना खांब रोवून खूण ठेवतात; वर्धा आणि पैनगंगेच्या काठच्या मुलांना हे नाव फोड करून सांगावे लागणार नाही. मात्र व्हिटस्टेबलमधल्या 'स्टेबल'चा घोड्याच्या पागेच्या 'स्टेबल'शी किंवा 'स्थिर' या अर्थाच्या 'स्टेबल'शी काही संबंध नाही. ते दोन्ही शब्द लॅटिनवरून आलेले आहेत. पोलिसातला कॉन्स्टेबलही लॅटिनच आहे, आणि तो पागेवरच्या अधिकाऱ्यावरून आलेला आहे.

खांबाचा कोयंडा कसा झाला? तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत हा शब्द दोन्ही टोके टोकदार करून वाकवलेल्या लोखंडी सळईसाठी वापरात आलेला दिसतो. ही सळई दाराच्या चौकटीत ठोकायची आणि तिच्या कमानीत कडी किंवा अडसर अडकवायचा. लाकडात घट्ट रोवलेली आणि दुसऱ्या वस्तूला धरून ठेवणारी गोष्ट, हा खांबाचा गुण तिच्यात उतरला असे दिसते. आपल्याकडे हिला नेमका शब्द आहे : कोयंडा. इंग्रजीत 'हॅस्प अँड स्टेपल' म्हणतात आणि आपण कडी-कोयंडा म्हणतो; यातली कडी म्हणजे हॅस्प आणि कोयंडा म्हणजे स्टेपल. जुन्या वाड्यांच्या दारांवर हा कोयंडा अजून पाहायला मिळतो आणि मुलांना तो प्रत्यक्ष दाखवावा, कारण तो एकदा पाहिला की पुढचे आपोआप समजते. शेताच्या कुंपणाची तार लाकडी खुंटावर ठोकण्यासाठी जो वाकडा, दुतोंडी खिळा वापरतात, तोही स्टेपलच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कागद एकत्र टाचण्यासाठी तारेचे असेच बारीक तुकडे वापरात आले, तेव्हा त्यांना हेच नाव मिळाले. आपण त्यांना पिना म्हणतो आणि यंत्राला स्टेपलर. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या जागी लावतात तो धातूचा चिमटाही स्टेपलच. ही सगळी वाट आकाराची आणि पकडीची आहे, तिचा अन्नाशी किंवा कापसाशी थेट संबंध नाही.

दुसरी वाट मला अधिक महत्त्वाची वाटते. डच आणि उत्तर जर्मनीच्या बोलींत 'स्टापेल' या शब्दाचा अर्थ खांबावरून आधाराचे लाकूड, ओंडके असा सरकत गेला आणि पुढे त्याला ओंडक्यांवर रचलेली थप्पी, रास असा अर्थ आला. आजच्या जर्मन आणि डच भाषेतही 'श्टापेल', 'स्टापेल' म्हणजे एकावर एक रचलेली थप्पी. जहाज ज्या लाकडी ओंडक्यांवर उभारतात त्यांनाही जर्मनमध्ये हाच शब्द आहे, आणि जहाज पाण्यात सोडण्याच्या समारंभाचे जर्मन नाव त्यावरूनच झाले आहे. ज्या ठिकाणी मालाच्या राशी उतरवून रचल्या जातात ते ठिकाण म्हणजे गोदाम, आणि गोदामाभोवती खरेदी-विक्री होऊ लागली की ती पेठ. राशीपासून पेठेपर्यंतचा हा प्रवास आपल्या भाषेलाही अपरिचित नाही. फारसीतून आलेला 'गंज' हा शब्द पाहा. त्याचा अर्थ साठा, रास, कोठार आणि बाजारही. उत्तरेकडे दर्यागंज, किशनगंज अशी पेठांची आणि गावांची नावे आहेत, आणि आपल्या भागात जिनिंगच्या आवारात कापसाचा जो डोंगर लागतो त्याला आपण गंजीच म्हणतो. राशीच्या आणि साठ्याच्या शब्दाचा पेठेचा शब्द होणे, हे दोन वेगळ्या भाषांत स्वतंत्रपणे घडले, कारण दोन्हीकडे व्यवहार सारखाच होता.

युरोपात या पेठेला कायद्याचे बळ मिळाले. नदीकाठच्या काही शहरांना राजाकडून किंवा धर्माधिकाऱ्याकडून असा हक्क मिळे की, त्या शहरावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याने माल तेथे उतरवलाच पाहिजे आणि ठरलेले दिवस स्थानिक लोकांना विक्रीस ठेवलाच पाहिजे. र्‍हाईन नदीवरच्या कलोन शहराला 1259 मध्ये असा हक्क मिळाला आणि तेथे ही मुदत तीन दिवसांची होती. जर्मन भाषेत या हक्काच्या नावातच 'श्टापेल' आहे.

इंग्लंडचा त्या काळातला मोठा माल म्हणजे लोकर. आजच्या बेल्जियमच्या भागातील फ्लँडर्समधील विणकर इंग्लंडच्या लोकरीवर अवलंबून होते, आणि लोकरीवरचा कर हा इंग्लंडच्या राजाचा मोठा आधार होता. कर वसूल करायचा तर माल कोठून जातो ते कळले पाहिजे. त्यासाठी सगळा माल एका दारातून न्यावा, हा सरळ हिशेब. 1313 मध्ये दुसऱ्या एडवर्डच्या राजवटीत असा आदेश निघाला की, त्या भागात जाणारी लोकर एका ठरलेल्या ठिकाणीच न्यावी. या ठिकाणाला 'स्टेपल' म्हणू लागले. पुढे तिसऱ्या एडवर्डच्या काळात, 1353 मध्ये, 'स्टेपल'चा मोठा कायदा झाला. त्याने ही पेठ परदेशातून उचलून देशात आणली आणि न्यूकॅसल, यॉर्क, लिंकन, नॉर्विच, ब्रिस्टल, विंचेस्टर, एक्झिटर अशी शहरे त्यासाठी ठरवून दिली. वेल्समध्ये कार्मार्दन आणि आयर्लंडमध्ये डब्लिन, कॉर्क यांसारखी शहरेही त्यात होती. लोकर, लोकरीसकट कातडी, चामडे आणि शिसे हा माल तेथे आणायचा, तो अधिकृत काट्यावर तोलायचा, त्यावर शिक्का मारायचा, कर भरायचा आणि मग तो पुढे जाणार. प्रत्येक पेठेला स्वतःचा 'मेयर ऑफ द स्टेपल' होता आणि व्यापाऱ्यांचे तंटे तेथल्या तेथे निवडण्यासाठी वेगळे न्यायासन होते. 1363 मध्ये ही पेठ फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅले या बंदरात गेली, जे इंग्रजांनी 1347 मध्ये जिंकले होते. अधूनमधून बदल होत राहिले, तरी 1558 मध्ये कॅले फ्रान्सकडे जाईपर्यंत इंग्लंडच्या लोकरीचे दार मुख्यतः तेच राहिले. लंडनमध्ये होबर्न भागात 'स्टेपल इन' नावाची जुनी लाकडी इमारत अजून उभी आहे, तिच्या नावात हीच लोकरीची पेठ आहे.

फ्रेंच भाषेत याच शब्दाचे वेगळे वळण झाले आणि ते मुलांना सांगण्यासारखे आहे. जुन्या फ्रेंचमधला पेठ-गोदाम या अर्थाचा 'एस्ताप्ल' शब्द पुढे कूच करणाऱ्या सैन्यासाठी वाटेत ठेवलेल्या शिध्याच्या कोठाराला लागला, मग त्या मुक्कामाला, आणि शेवटी दोन मुक्कामांमधल्या टप्प्याला. आजचा फ्रेंच 'एताप' म्हणजे टप्पा, तो हाच. फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीतल्या रोजच्या टप्प्याला फ्रेंच लोक हाच शब्द वापरतात.

आता हे सारे विदर्भाच्या शाळेत का सांगायचे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे आहे की, इंग्लंडच्या त्या कायद्याचा आशय वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या मुलाला लंडनच्या मुलापेक्षा लवकर कळेल. कारंजा लाड येथे 1886 मध्ये, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. त्यानंतर 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. अधिकृत जागा, अधिकृत वजन-माप, परवानाधारक अडते आणि मापारी, तंटा सोडवणारी समिती, ही चौकट आजच्या बाजार समित्यांपर्यंत आलेली आहे. आणि 1972 पासून आपल्या राज्यात जी कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली गेली, ती तर कॅलेच्या पेठेशी पुष्कळच जुळते : माल ठरलेल्या केंद्रावरच द्यायचा, हद्दीबाहेर न्यायचा नाही. शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्रीच्या गाड्या हद्द ओलांडत, हे माझ्या पिढीतल्या सर्वांना ठाऊक आहे. कॅले चुकवून लोकर नेणारेही त्या काळी होतेच. उद्देश मात्र एक नव्हता. इंग्लंडच्या राजाला कर हवा होता, आपल्याकडची योजना कास्तकाराला हमीचा भाव मिळावा म्हणून आखली होती. हा फरक वर्गात सांगितला पाहिजे.

पेठेवरून 'मुख्य अन्न' हा अर्थ कसा निघाला ते दोन वाक्यांत सांगता येते. ज्या मालाला 'स्टेपल'मध्ये नेण्याचे बंधन होते तो 'स्टेपल'चा माल, म्हणजे देशाचा मुख्य माल. पुढे बंधन गेले, पण 'मुख्य' हा अर्थ उरला. मग एखाद्या प्रदेशाचे मुख्य पीक, आणि लोकांच्या ताटातला मुख्य पदार्थ, दोघांनाही हे विशेषण लागले. कोकणाचे तांदूळ आणि आपली ज्वारी ही उदाहरणे नेहमीची आहेत. ज्वारीचे क्षेत्र आपल्याकडे सोयाबीन आणि कापसापुढे आटले असले, तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले तर ते मुख्य अन्न म्हणून भाकरीचेच नाव घेतील.

उरला कापसाचा धागा, आणि माझे खरे काम येथे सुरू होते. इंग्रजीत लोकरीच्या तंतूच्या झुबक्याला 'स्टेपल' म्हणण्याची सुरुवात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसते. मेंढीच्या अंगावर लोकर सुटी सुटी नसते, तिचे नैसर्गिक झुबके बनलेले असतात; तो एकेक झुबका म्हणजे स्टेपल. लोकर विकत घेऊन ती प्रतवार वेगळी करणाऱ्या व्यापाऱ्याला 'वूल-स्टेपलर' म्हणत. हा अर्थ पेठेवरून आला असावा, असे कोशकार 'बहुधा' हा शब्द लावून मांडतात. पेठेत माल आला की तो पाहावा लागतो, एक झुबका उपटून बोटांत धरावा लागतो, त्याची लांबी, मऊपणा, ताकद जोखावी लागते आणि त्यावर भाव ठरतो. ज्या ठिकाणी हे जोखणे चालते त्याचे नाव जोखल्या जाणाऱ्या गुणाला लागणे मला तरी अगदी स्वाभाविक वाटते. आपल्याकडेही 'हा मंडीचा माल आहे' असे म्हणतो तेव्हा जागेपेक्षा प्रतीबद्दलच बोलत असतो. लोकरीवरून हा शब्द कापसाच्या व्यापारात आला आणि इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या भरभराटीबरोबर लिव्हरपूलच्या बाजारातून आपल्या जिनिंगच्या आवारात येऊन पोचला.

ग्रेडर हाताने स्टेपल कसे काढतो, ते येथे लिहून ठेवतो, कारण यंत्रे आल्यापासून हे कसब कमी होत चालले आहे. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, नमुना गंजीच्या किंवा गाठीच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यायचा. मग चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून मधोमध सावकाश ओढून तोडायची. उजव्या हातातली टाकून द्यायची. डाव्या हातात जे टोक बाहेर राहते त्यातून उजव्या चिमटीने थोडे थोडे तंतू ओढायचे आणि त्यांची टोके एका रेषेत येतील असे एकावर एक रचत जायचे. मधली गुंतवळ, सरकीचे कण, पानाचा कचरा निघून जातो. हे पुन्हा पुन्हा केले की शेवटी चिमटीत तंतूंची एक सरळ, चपटी, दोन्ही टोके चौकोनी झालेली पट्टी उरते. ती काळ्या मखमलीच्या पाटीवर ठेवून पट्टीने मोजायची. डोळे तयार असले की पट्टी लागत नाही. नमुना पाहायला उत्तरेकडचा स्थिर उजेड चांगला, कारण थेट उन्हात रुईचा रंगही फसवतो. यात मोजली जाते ती सर्वांत लांब तंतूची लांबी नव्हे आणि सरासरीही नव्हे, तर बहुसंख्य लांब तंतू जेथवर पोचतात ती लांबी. स्टेपल म्हणजे नुसती लांबी, असे पुस्तकांत लिहिलेले असते ते म्हणूनच अपुरे आहे. हाताने काढलेल्या स्टेपलमध्ये ग्रेडरचा निर्णय मिसळलेला असतो.

यंत्रानेही ही गोष्ट संपत नाही. आपल्या प्रयोगशाळांत पुष्कळ वर्षे '2.5 टक्के स्पॅन लांबी' मोजत. म्हणजे कंगव्यात कोठेही पकडलेल्या तंतूंपैकी 2.5 टक्के तंतू जेथवर पोचतात ते अंतर. आताची जलद यंत्रे जास्त लांबीच्या अर्ध्या तंतूंची सरासरी देतात. एकाच रुईच्या नमुन्याला या दोन पद्धतींत थोडे वेगळे आकडे येतात, आणि अमेरिकेत तर इंचाच्या बत्तिसाव्या भागांत मोजतात, म्हणजे 36 क्रमांकाचा स्टेपल सव्वा नव्हे, एक इंच आणि एक अष्टमांश, आपल्या हिशेबाने सुमारे 28.6 मिलिमीटर. आकडा सांगताना तो कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारलेच पाहिजे.

आपल्या देशात लांबीप्रमाणे कापसाचे वर्ग पाडतात. 20 मिलिमीटर आणि त्याखालचा आखूड, 20.5 ते 24.5 पर्यंतचा मध्यम, 25 ते 27 पर्यंतचा मध्यम-लांब, 27.5 ते 32 पर्यंतचा लांब आणि 32.5 पासून पुढचा अतिलांब. धागा लांब असला की सूत कातताना एक तंतू दुसऱ्यावर जास्त अंतर चढतो, त्यामुळे कमी पीळ देऊनही बारीक आणि मजबूत सूत निघते. आखूड तंतूचे सूत जाड काढावे लागते. म्हणून तो जाडेभरडे कापड, सतरंज्या, गाद्या यांकडे जातो, आणि पाणी शोषण्याचा गुण चांगला असलेला देशी कापूस दवाखान्यातल्या कापसासाठी घेतात. हमीभावही धाग्याच्या लांबीवरच उभा आहे. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 7710 रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये जाहीर झाले, म्हणजे त्या मुलाच्या वडिलांच्या वाक्यात 400 रुपयांचा फरक होता. लांबीबरोबर तंतूचा बारीकपणा, म्हणजे मायक्रोनेअर, आणि ओलावाही पाहिला जातो. मुलांनी घरी हे सांगितले तर चांगलेच आहे, कारण कापूस परत आला की सगळा दोष लांबीलाच दिला जातो आणि खरे कारण पुष्कळदा ओलावा असते.

या बाबतीत आपल्या भागाचा एक इतिहास आहे आणि तो मला नेहमी अस्वस्थ करतो. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात त्याच गावाच्या नावाने ओळखला जाई, जसा वऱ्हाडचा कापूस उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून, 'ऊमरा' या नावाने. देशी कापसांत हिंगणघाटचा 'बनी' वाण लांब आणि मऊ धाग्याचा म्हणून नावाजलेला होता. अमेरिकेतले यादवी युद्ध 1861 ते 1865 चालले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठीच. एवढी मागणी असूनही पुढच्या काही दशकांत बनी मागे पडत गेला आणि आखूड, खरखरीत धाग्याच्या मिश्र कापसाने शेते व्यापली. विसाव्या शतकाच्या आरंभी 'रोझियम'सारखे आखूड धाग्याचे वाण कृषी खात्यानेही पसरवले. कास्तकाराचा हिशेब चुकीचा नव्हता. बनीचा उतारा कमी, म्हणजे एक मण कापसातून रुई थोडी आणि सरकी फार. आखूड वाणाचा उतारा चांगला, झाड काटक, आणि बाजारात लांब धाग्याला त्या प्रमाणात जास्त भाव कोणी देत नव्हते. जेथे वजनालाच पैसा मिळतो तेथे स्टेपल टिकत नाही. हीच ओढाताण आजही आहे. बियाण्याच्या दुकानात कास्तकार बोंडाचा आकार आणि वजन विचारतो, धाग्याची लांबी विचारत नाही, आणि त्याने ती का विचारावी, जोवर त्याच्या ढिगातला चांगला आणि हलका माल एकाच हर्रासात एकाच भावाने जातो?

धागा टिकवण्यात रेच्याचाही, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राचाही, वाटा आहे. आपल्याकडे बहुतेक जिनिंगमध्ये दुहेरी रोलरचे रेचे आहेत, ते तंतू सरकीवरून ओढून काढतात आणि त्याची लांबी फारशी बिघडवत नाहीत. करवतीच्या रेच्यात काम झपाट्याने होते, पण लांब तंतू तुटतात. मी स्वतः या बाबतीत आपल्या रेच्यांच्या बाजूचा आहे.

आणखी एक अर्थ जाता जाता सांगतो, कारण कापडाच्या दुकानात तो कानावर येतो. व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टरसारखा तंतू कारखान्यात अखंड निघतो; तो कापसाच्या लांबीइतक्या तुकड्यांत कापला की त्याला 'स्टेपल फायबर' म्हणतात. कापसाच्या यंत्रांवर तो कातता यावा म्हणून त्याला कापसाचे माप दिलेले असते. पूर्वी गुण पाहून लांबी ठरत असे, येथे लांबी ठरवून तंतू कापला जातो.

वर्गात हे कसे घ्यावे, याबद्दल बाईंना माझा सल्ला असा. सुरुवात दाराच्या कोयंड्याने करावी आणि लगेच स्टेपलरची पिन दाखवावी. पहिली वाट तेथेच संपते. मग गंजी आणि गंज हे शब्द फळ्यावर लिहून राशीची पेठ कशी होते ते सांगावे आणि कॅलेची गोष्ट कारंज्याच्या बाजाराशेजारी ठेवावी. 'स्टेपल फूड' तेथे सहज बसते. धाग्यासाठी मुलांना घरून एकेक बोंड कापूस आणायला सांगावा. एक सरकी तिच्या तंतूंसकट घेऊन बारीक कंगव्याने तंतू दोन्ही बाजूंना सावकाश विंचरावेत, ते काळ्या कापडावर पसरावेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीने मोजावे आणि आलेल्या मापाला दोनाने भागावे. संकरित पऱ्हाटीचा कापूस असेल तर बहुधा 28 ते 30 मिलिमीटरच्या आसपास उत्तर येईल. कोणाच्या बांधावर जुन्या देशी वाणाचे झाड असेल तर तो कापूसही आणवावा. त्याचा धागा सहसा 25 च्या आत भरतो आणि शेजारी ठेवला की फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. प्रत्येकाने निदान पाच-सहा सरक्या मोजाव्यात, कारण एका बोंडातही सगळे तंतू सारखे नसतात. कापूस पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा घ्यावा. फरदडीचा (मुख्य हंगामानंतर पीक राखून घेतलेला) किंवा कवडीचा (किडका, नीट न उमललेला) घेऊ नये, त्या कापसाचा तंतू अपुरा वाढलेला असतो, कंगव्यात तुटतो आणि माप खोटे येते.